'पावले', 'कळले' आणि 'नाही' : यंत्राच्या उत्तरातील दोषकथनाचा इतिहास

पेशवेकालीन पत्रव्यवहार वाचणाऱ्या विद्यार्थ्यास एक सांकेतिक वाक्यसमूह इतक्या वेळा भेटतो की, पुढे पुढे त्याकडे त्याचे लक्षच जाईनासे होते. मायना संपतो, 'विशेष' येते, आणि उत्तर लिहिणारा प्रथम एवढेच सांगतो की, आपण पाठविलेले पत्र पावले, लिहिले वर्तमान कळले. त्यानंतर 'त्यास' हा शब्द येतो आणि खरे उत्तर तेथून सुरू होते. मोडी वाचनाच्या वर्गात ही ओळ शिष्टाचाराची म्हणून ओलांडली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते तीत केवळ शिष्टाचार नाही. 'पावले' हे विधान वाटेविषयी आहे. 'कळले' हे भाषेविषयी आहे. आणि 'त्यास' म्हटल्यानंतर जे येते ते विषयासंबंधी आहे. ह्या तिन्ही ठिकाणी नकार संभवतो, आणि तो कोठे आला यावर पत्र धाडणाऱ्याने पुढे काय करावे हे अवलंबून असते. पत्र पावले नसेल तर तेच पुन्हा धाडावयाचे; कळले नसेल तर निराळ्या शब्दांत लिहावयाचे; विषयच अमान्य झाला असेल तर तेच पत्र शंभरदा धाडूनही उपयोग नाही.

आज एक संगणक दुसऱ्या संगणकास जाळ्यावरून प्रश्न विचारतो आणि उत्तर घेतो. ह्या प्रश्नोत्तराच्या ठरीव रीतीस 'एपीआय' असे म्हणतात. प्रश्न सफल झाला तर उत्तराचे स्वरूप सोपे असते. तो विफल झाला तर विफलता कोणत्या शब्दांत सांगावी, कोणास सांगावी आणि किती सांगावी, हा प्रश्न गेली पन्नासाहून अधिक वर्षे चर्चिला गेला आहे. त्या चर्चेची कागदपत्रे 'आर.एफ.सी.' ह्या नावाच्या क्रमांकित टिपणमालेत सुरक्षित आहेत. तंत्रविद्येचे अभ्यासक ती वाचतात; भाषेच्या अभ्यासकांनी ती फारशी वाचलेली दिसत नाहीत. येथे त्यांचा विचार नकाराच्या व्याकरणाचा इतिहास म्हणून केला आहे.

ह्या इतिहासाच्या आरंभीच एका भारतीयाचे नाव येते. कानपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या पहिल्या तुकडीतील पदवीधर अभय भूषण यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे असताना एप्रिल १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर धारिका नेण्याचा संकेत लिहिला. तो टिपण क्रमांक ११४ होय. हा संकेत पुढे 'एफटीपी' म्हणून रूढ झाला आणि त्याच्या घडणीत एक महत्त्वाची तोड निघाली : उत्तरात प्रथम तीन आकडी क्रमांक द्यावयाचा आणि मग साधे वाक्य लिहावयाचे. क्रमांक यंत्रासाठी, वाक्य माणसासाठी. एकाच उत्तराचे दोन श्रोते आहेत हे येथे मान्य झाले, आणि पुढील सर्व इतिहास ह्या दोन श्रोत्यांच्या वाटणीचा इतिहास आहे असे म्हटले तरी चालेल.

क्रमांकांना शिस्त लावण्याचे काम जॉन पोस्टेल यांच्या जून १९७४ च्या टिपणात (क्रमांक ६४०) झाले. पहिल्या आकड्यास अर्थ देण्यात आला. १ म्हणजे काम हाती घेतले, २ म्हणजे पुरे झाले, ३ म्हणजे आणखी माहिती हवी. हे तीन होकाराचे वर्ग. नकाराचे वर्ग दोन : ४ म्हणजे तूर्त नाही, ५ म्हणजे कायमचे नाही. दुसरा आकडा विषय सांगतो. तो शून्य असेल तर दोष वाक्यरचनेचा, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत 'कळले नाही'. १९८५ च्या सुधारित संकेतात ४५० आणि ५५० हे दोन क्रमांक शेजारी ठेवून पाहिल्यास भेद स्पष्ट होतो. मागितलेली धारिका दोन्हींत मिळत नाही. परंतु पहिल्यात ती दुसऱ्या कामात गुंतलेली आहे, दुसऱ्यात ती मुळी नाही किंवा मागणाऱ्यास तिचा अधिकार नाही.

'तूर्त' ह्या शब्दाचा अर्थ निश्चित करणे अवघड आहे, विशेषतः दोन दूरस्थ यंत्रांना तो सारखाच मान्य व्हावयाचा असेल तेव्हा, अशी कबुली ह्या परंपरेतील लेखांतच आहे. त्यावर त्यांनी दिलेली कसोटी व्यवहारी आहे. तीच आज्ञा, अक्षरही न बदलता, पुन्हा दिली असता सफल होण्याचा संभव असेल तर ४. नसेल तर ५. म्हणजे नकाराची व्याख्या नकार देणाऱ्याच्या मनःस्थितीवरून केलेली नाही. ऐकणाऱ्याने पुढे काय करावे यावरून केली आहे. अर्थविचाराच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. पोस्टेल यांनीच संपादित केलेल्या विद्युत्पत्रांच्या १९८२ च्या संकेतात हाच भेद आला आणि तो आजतागायत चालू आहे. पत्र ४ ने नाकारले गेले तर धाडणारे यंत्र ते जवळ ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. ५ ने नाकारले गेले तर ते परत करते.

१९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न येथे महाजालाचा संकेत लिहिला तेव्हा मात्र ही सारी मिळकत बाजूस राहिली. त्या पहिल्या आवृत्तीत दोष असेल तर तो माणसास वाचता येईल अशा मजकुरात सांगावा एवढीच व्यवस्था होती. आणि असे उत्तर व सफल उत्तर यांतला भेद मजकूर वाचल्याखेरीज कळण्याचा मार्ग नाही, हे त्या लेखातच नमूद आहे. वाचणारा माणूस असेल तर हे चालण्यासारखे होते. विचारणारे यंत्र असेल तर 'आपले पान मिळाले नाही' हे वाक्यच त्याने पान म्हणून स्वीकारले असते.

१९९२ च्या मसुद्यात तीन आकडी क्रमांक परत आले, पण त्यांचा अर्थ बदलून आला. येथे ४ म्हणजे विचारणाऱ्याची चूक आणि ५ म्हणजे उत्तर देणाऱ्याची चूक. पोस्टेल यांचे ४ आणि ५ काळ सांगत होते. बर्नर्स-ली यांचे ४ आणि ५ कर्ता सांगतात. आकडे तेच, व्याकरण निराळे. ह्या स्थित्यंतराकडे तंत्रज्ञांनी बहुधा सोयीचा फेरफार म्हणून पाहिले. आमच्या मते ह्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे. 'पुन्हा ये' किंवा 'येऊ नकोस' असे सांगणारा नकार येथे 'तू चुकलास' किंवा 'मी चुकलो' असे सांगू लागला.

मूळ मसुद्यातील शब्दयोजना ह्या बाबतीत फार सावध आहे. ४ चा वर्ग विचारणारा चुकल्यासारखा दिसतो तेव्हासाठी. ५ चा वर्ग उत्तर देणाऱ्यास आपण चुकल्याची जाणीव आहे तेव्हासाठी. परक्याच्या चुकीविषयी 'दिसते', स्वतःच्या चुकीविषयी 'जाणीव आहे'. ह्यापुढे जाऊन तेथे असेही म्हटले आहे की, हा भेद सर्वसाधारणपणे करणे अशक्य आहे, म्हणून तो केवळ माहितीपुरता समजावा. मे १९९६ मध्ये संकेताची १.० ही आवृत्ती टिपण क्रमांक १९४५ म्हणून प्रसिद्ध झाली. तीत 'दिसते' राहिले आणि 'जाणीव' राहिली. भेद अशक्य असल्याची कबुली मात्र उरली नाही. जून २०२२ च्या टिपण क्रमांक ९११० मध्येही हीच स्थिती आहे. 'दिसते' हे क्रियापद तीस वर्षे टिकून आहे. परंतु क्रमांक वाचणाऱ्यास क्रियापद दिसत नाही, त्यास फक्त ४ दिसतो.

काळाचे मग काय झाले? तो क्रमांकातून निघून मजकुरात गेला. १९९६ च्या लेखात म्हटले आहे की, ४ वर्गाच्या उत्तरासोबत दोषाचे स्पष्टीकरण द्यावे, आणि स्थिती तात्पुरती की कायमची हेही त्यात सांगावे. म्हणजे यंत्राकडे कर्ता गेला आणि माणसाकडे काळ आला. सुप्रसिद्ध ४०४ घ्या. वस्तू सापडली नाही एवढेच तो सांगतो. ती उद्या सापडेल का, याविषयी तो मौन पाळतो. ती गेली आणि बहुधा परत यावयाची नाही, हे सांगण्यासाठी पुढे ४१० असा स्वतंत्र क्रमांक करावा लागला. मराठीत ४०४ चे भाषांतर 'सापडले नाही' असे होते आणि ते सर्वस्वी योग्य आहे, कारण 'शोधणे' ह्या क्रियेस कर्ता लागतो, 'सापडणे' ह्या क्रियेस तो लागत नाही. कोणी शोधले, किती शोधले, हे सांगण्याचे दायित्व त्या क्रियापदावर पडत नाही. ५०३ साठी आपल्याकडे शक्य क्रियापद आहे : 'उत्तर देववत नाही'.

नकार सांगताना जाणूनबुजून कमी सांगणे हीही ह्या परंपरेतील एक रीत आहे. एखादी वस्तू आहे पण दाखविण्याचा अधिकार नाही, यासाठी ४०३ आहे. परंतु ती वस्तू आहे हेच लपवावयाचे असेल तर ४०३ ऐवजी ४०४ द्यावा, अशी मुभा संकेतात स्पष्ट दिलेली आहे. 'नाव किंवा परवलीचा शब्द चुकला' असे सांगणाऱ्या पाट्या त्याच जातीच्या. दोहोंपैकी काय चुकले हे सांगितल्यास चोरास अर्धे काम आयते मिळते. प्रामाणिक मनुष्यास मात्र तेवढेच कमी कळते.

मधल्या काळातील घडामोडी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. २००० सालच्या 'सोप' संकेतात दोषाचे वर्ग 'ग्राहक' व 'सेवक' असे होते. २००३ च्या आवृत्तीत ते 'धाडणारा' व 'घेणारा' असे झाले. उतरंड गेली, वाटेवरचे स्थान तेवढे राहिले. २०१५ मध्ये खुल्या झालेल्या 'ग्राफक्यूएल' रीतीत तर बाहेरचा क्रमांक सफलतेचा २०० आणि आत दोषांची यादी, असे उत्तर सर्रास संभवते. वर 'पावले, कळले' आणि 'त्यास' नंतर नकार, असेच त्याचे रूप. मार्च २०१६ च्या टिपण क्रमांक ७८०७ ने, आणि त्याची जागा घेणाऱ्या जुलै २०२३ च्या ९४५७ ने, दोषकथनाचे स्वतंत्र पत्रक ठरवून दिले : दोषाचा प्रकार, त्याचे शीर्षक, क्रमांक, ह्या खेपेचा तपशील आणि ह्या घटनेची खूण. शीर्षक खेपेगणिक बदलू नये, पण ऐकणाऱ्याच्या भाषेत देता यावे, अशी तरतूद त्यात आहे. भाषाभ्यासकाने ती ध्यानात ठेवावी.

आता घरच्या उदाहरणाकडे येऊ. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यानंतरच्या दशकात ह्या क्रमांकाच्या पडताळणीची यंत्रणा देशातील सर्वांत मोठ्या प्रश्नोत्तर-व्यवस्थांपैकी एक झाली. प्रश्नाचे स्वरूप असे की, हा क्रमांक आणि हा ठसा एकाच व्यक्तीचा आहे काय? उत्तर होकाराचे किंवा नकाराचे, एका अक्षराचे. नकार असेल तर सोबत एक दोषक्रमांक. ठेवलेली माहिती परत द्यावयाची नाही, केवळ हो किंवा नाही म्हणावयाचे, हे धोरण गोपनीयतेच्या दृष्टीने योग्यच आहे.

हे दोषक्रमांक महाजालाच्या क्रमांकांप्रमाणे कर्ता सांगत नाहीत आणि पोस्टेल यांच्याप्रमाणे काळही सांगत नाहीत. ते बहुतांशी विषयवार लावलेले आहेत. १०० म्हणजे नाव, वय इत्यादी माहिती जुळली नाही. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे क्रमांकधारकानेच आपले ठसे कुलूपबंद केले आहेत. ४०० म्हणजे एकवेळचा परवलीचा अंक चुकला. ५०० पासून पुढे बहुशः दोन यंत्रांमधल्या भानगडी आहेत : सांकेतिक लेखन बिघडले, मजकुराची रचना चुकली. दुकानातील यंत्राचे घड्याळ मागे पडले असेल तर ५६१, पुढे गेले असेल तर ५६२, तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला तर ५६३. ८११ म्हणजे त्या क्रमांकापुढे ठशांची नोंदच नाही. ९९८ म्हणजे क्रमांक अग्राह्य. ९९९ म्हणजे दोष कोणता ते कळत नाही. यंत्राने एवढे मोकळेपणी अज्ञान मान्य करावे, हे आम्हांस आवडले.

ह्या क्रमांकांच्या तक्त्यात आणखी दोन रकाने होते : वापरणाऱ्यास कोणता संदेश दाखवावा, आणि त्यास कोणती सूचना द्यावी. ३०० पुढे सूचना अशी की, बोट स्वच्छ असल्याची खात्री करावी, दुसरे बोट लावून पाहावे, खऱ्या मनुष्यास वारंवार अपयश येत असेल तर मदतकेंद्राशी संपर्क साधावा. 'खरा मनुष्य असूनही' ही शक्यता तक्ता करणाऱ्याच्या मनात होती, हे येथे दिसते. परंतु ५०० च्या वर्गातील अनेक क्रमांकांपुढे संदेश एकच : 'तांत्रिक अपवाद' आणि क्रमांक. चूक यंत्रांची असताना माणसास सांगावयाचे वाक्य सर्वांत दरिद्री असावे, हा योगायोग नसावा. ते वाक्य माणसासाठी लिहिलेलेच नाही; मदतकेंद्रातील दुसऱ्या कोणासाठी ते लिहिले आहे.

सोलापुरात हा प्रश्न भाषेच्या दृष्टीने विशेष मनोरंजक होतो. मराठीत निषेधाची दोन निरनिराळी अव्ययसदृश रूपे आहेत. 'आहे' चा निषेध 'नाही', 'होय' चा निषेध 'नव्हे'. 'तो येथे नाही' यात अस्तित्व नाकारले जाते. 'हा तो नव्हे' यात तादात्म्य. तेलुगूत हाच भेद 'लेदु' आणि 'कादु' असा आहे, कन्नडात 'इल्ल' आणि 'अल्ल' असा. शहरातील पद्मशाली पेठांत, अक्कलकोटकडच्या कन्नडभाषी खेड्यांत आणि पंढरपूरकडच्या मराठी गावांत, म्हणजे जिल्ह्याच्या तिन्ही प्रमुख भाषांत, हे दोन नकार निराळे ठेवण्याची सोय व्याकरणातच आहे. हिंदीच्या 'नहीं' मध्ये ती नाही, इंग्रजीच्या 'नॉट' मध्येही नाही. आधारच्या तक्त्यातील ३०० हा शुद्ध 'नव्हे' आहे : हे बोट ते बोट नव्हे. ८११ हा शुद्ध 'नाही' आहे : नोंद नाही. अर्थात हे चित्र जितके नीटस वाटते तितके नाही. शिष्ट मराठीत 'नव्हे' दिवसेंदिवस मागे पडत असून 'हा तो नाही' असेच आता पुष्कळदा ऐकू येते. शिवाय क्रियापदाचा निषेध करावयाचा झाला की तिन्ही भाषा 'नाही' च्याच घराण्याकडे वळतात. 'ठसा जुळला नाही' म्हणताच तादात्म्याचा नकार अस्तित्वाच्या नकाराचा पोशाख घालतो.

स्वस्त धान्याच्या दुकानात ऐकू येणारी वाक्ये तर याहून निराळी आहेत. २०१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्रातील दुकानांतून ई-पॉस यंत्रे आली, आणि त्यांच्याबरोबर दोन वाक्यप्रयोग रूढ झाले : 'अंगठा लागत नाही' आणि 'सर्व्हर डाऊन आहे'. पहिल्यात कर्तृपदी कार्डधारकाचा अंगठा आहे, दुसऱ्यात दूरचे यंत्र. कोणी शिकविल्यावाचून लोकभाषेने १९९२ चे ४ आणि ५ निर्माण केले. दुसऱ्या वाक्यात १९७४ चा काळही दडलेला आहे, कारण ते ऐकणारी बाई 'मग उद्या येते' म्हणून जाते. पहिले वाक्य ऐकल्यावर उद्या येण्यात अर्थ आहे की नाही, हे तिला समजत नाही, आणि दुकानदारासही बहुधा समजत नाही. ३०० ह्या एकाच क्रमांकात झिजलेले बोट, ओले बोट, मळलेली काच, दुसऱ्याचाच टंकलेला क्रमांक आणि खरोखरीचा तोतया, हे सर्व एकत्र आलेले असतात. १९९२ च्या मसुद्यातील वगळलेले वाक्य येथे आठवते : हा भेद सर्वसाधारणपणे करणे अशक्य आहे.

सोलापुरात विड्या वळण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. टेंभुर्णीचे पान कातरणे, गुंडाळणे, टोक दुमडणे हे सारे बोटांच्या अग्रांचे काम, आणि ते वर्षानुवर्षे चालते. हाताने कष्ट करणाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या ठशांच्या रेषा पुसट होतात ही गोष्ट ठसेविद्येत सर्वमान्य आहे. म्हणजे ज्या शहरात 'अंगठा लागत नाही' हे वाक्य ज्यांच्या वाट्यास अधिक येण्याचा संभव, त्यांचा अंगठा त्यांच्या कामानेच झिजविलेला आहे. त्या वाक्याचा कर्ता अंगठा असला तरी त्यात त्या बाईची चूक कोणती, हे सांगणे कठीण आहे.

ही अडचण शासनास अज्ञात राहिली नाही. केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत पडताळणी असफल होण्याचे प्रमाण झारखंडात ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के आणि गुजरातेत ६ टक्क्यांपर्यंत असल्याचे अंदाज उद्धृत केलेले आहेत. एकाच प्रश्नाला तीन राज्यांत इतकी भिन्न उत्तरे मिळत असतील तर दोष केवळ बोटांचा असणे शक्य नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढून सांगितले की, पडताळणी झाली नाही म्हणून धान्य नाकारू नये; अन्य ओळखीवर ते द्यावे आणि तशी नोंद ठेवावी. २६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अनुदाने व लाभ यांपुरती आधारची सक्ती बहुमताने वैध ठरविली. त्याच प्रकरणी भिन्नमताच्या निर्णयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी पडताळणीच्या अपयशाने वगळल्या जाणाऱ्यांचा विस्ताराने विचार केला. यंत्राने दिलेला 'नाही' हा माणसाने दिलेला 'नाही' नव्हे, हे परिपत्रकाने शब्दांत मान्य केले. परंतु तो भेद दुकानदाराच्या तोंडी पोहोचावयाचा तर त्यास तसे वाक्य हवे, आणि यंत्राच्या पडद्यावर ते वाक्य असावयास हवे.

ह्या वाक्यांचा संग्रह अद्याप कोणी केलेला आमच्या पाहण्यात नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना तो सहज करता येईल. एकाच पेठेतील दुकानात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारे ग्राहक एका रांगेत उभे असतात. पडद्यावरील इंग्रजी किंवा मराठी ओळ वाचून दुकानदार प्रत्येकास तिच्या भाषेत काहीतरी सांगतो. मूळ ओळ कोणती होती, क्रमांक कोणता होता, सांगितले काय, त्यात कर्ता कोण होता, काळ होता की नव्हता, आणि तेलुगूत सांगताना 'लेदु' आले की 'कादु', एवढे टिपले तरी पुरे. क्रमांकाचा रकाना सर्वांत आधी भरावा. तो पडद्यावरून काही क्षणांत नाहीसा होतो आणि त्यानंतर दुकानदाराचे वाक्य तेवढे उरते.